दुर्मिळ रोगाचे नाव आणि रुग्णाचा हक्क

भिवपुरीचे वीजगृह १९२२ साली सुरू झाले. मावळातल्या ठोकरवाडी धरणात अडवलेले पाणी सह्याद्रीचा कडा उतरून कर्जत तालुक्यातल्या या गावी येते, जनित्रे फिरवते आणि त्यातून निर्माण झालेली वीज मुंबईला जाते. शंभर वर्षांहून अधिक काळ हा क्रम चालू आहे. त्याच दिशेने, पण निराळ्या कारणासाठी, आणखी एक प्रवास या परिसरातून घडत असतो. पोटात गाठ निघालेला माणूस कर्जतला येऊन लोकल धरतो, दादरला उतरतो आणि परळच्या टाटा हॉस्पिटलच्या रांगेत उभा राहतो. हातातल्या कागदावर अनेकदा एवढेच लिहिलेले असते: ‘यकृतात गाठ’. या दोन शब्दांपासून रोगाच्या खऱ्या नावापर्यंतचे अंतर कसे कापायचे आणि त्याचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न वरकरणी केवळ वैद्यकाचा वाटतो. वास्तविक तो समाजाच्या अर्थव्यवहाराचाही प्रश्न आहे.

यकृताचा नेहमी आढळणारा कर्करोग यकृताच्या मुख्य पेशींपासून उद्भवतो. बहुसंख्य रुग्णांचे यकृत त्याआधीच बिघडलेले असते. ‘ब’ किंवा ‘क’ प्रकारच्या काविळीचे विषाणू, दारू आणि अलीकडे स्थूलता व मधुमेह ही त्याची प्रमुख कारणे होत. परंतु यकृतात दिसणारी प्रत्येक गाठ या जातीची नसते. यकृताच्या आतील पित्तनलिकांचा कर्करोग निराळा. जठरात उगम पावणारा एक दुर्मिळ कर्करोग तर असा, की त्याच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली यकृताच्या पेशींसारख्याच दिसतात आणि यकृताच्या कर्करोगात रक्तात वाढणारे प्रथिन तोही वाढवतो. जपानी संशोधकांनी १९८५ मध्ये त्याचे वर्णन करून त्याला स्वतंत्र नाव दिले. रूप यकृताचे, मूळ जठरात, असा हा वेषांतराचा प्रकार आहे.

याहून बोलके उदाहरण ‘फायब्रोलॅमेलर’ नावाच्या कर्करोगाचे. अमेरिकेतील विकृतिशास्त्रज्ञ एडमंडसन यांनी १९५६ मध्ये त्याची पहिली नोंद केली. यकृताच्या एकूण कर्करोगांत त्याचे प्रमाण एका टक्क्याच्या आसपास भरते. तो प्रामुख्याने किशोरवयीन व तरुण माणसांना होतो. त्यांचे यकृत एरवी निरोगी असते, आणि ते सुप्रसिद्ध प्रथिनही रक्तात बहुधा वाढत नाही. साहजिकच संशय येण्यास उशीर होतो. पुढे जवळजवळ सहा दशके या रोगाचे मूळ कारण अज्ञातच राहिले. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील संशोधकांनी १५ रुग्णांच्या गाठींची जनुकीय तपासणी केली, तेव्हा सर्वच्या सर्व १५ गाठींत एकच दोष आढळला. एकोणिसाव्या गुणसूत्राचा एक तुकडा गळून पडला होता आणि त्याच्या दोन्ही टोकांची जनुके एकमेकांना जोडली जाऊन एक विपरीत संयुक्त जनुक तयार झाले होते. या संशोधनात एलाना सायमन ही तरुणी सहभागी होती. वयाच्या बाराव्या वर्षी तिला स्वतःलाच हा रोग झाला होता आणि शालेय विद्यार्थिनी असतानाच तिने या कामाला हात घातला होता.

या कथेचा बोध नीट ध्यानी घेतला पाहिजे. पंधरा ही संख्या कोणत्याही औषध कंपनीच्या हिशेबात नगण्य ठरेल. पण ते पंधरा नमुने एकत्र आले, म्हणून विज्ञानाला जे अनेक दशके दिसले नव्हते ते दिसले. विखुरलेल्या रुग्णांनी आपल्या शरीराचा अंश विश्वासाने पुढे केला आणि एका विद्यापीठाने तो तपासला. दुर्मिळ रोगाचे ज्ञान असे सहकारातूनच उभे राहते. अर्थात जनुकीय तपासणी ही काही जादूची कांडी नव्हे. तेच संयुक्त जनुक स्वादुपिंड व पित्तनलिका यांच्या काही गाठींतही सापडते, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. म्हणजे यंत्राच्या निष्कर्षाला अनुभवी विकृतिशास्त्रज्ञाच्या नजरेची जोड लागतेच.

आता अर्थशास्त्राकडे वळू. बाजार मागणी पाहतो, गरज पाहत नाही. आणि दुर्मिळ रोगाला मागणी नसते. दुर्मिळ म्हणजे उपेक्षणीय, असा समज त्यातूनच रूढ होतो. तो आकड्यांनीही खोटा ठरतो. वर्षाला लाखामागे सहांहून कमी लोकांना होणारे कर्करोग दुर्मिळ मानून युरोपात जी पाहणी झाली, तीत असे सर्व कर्करोग मिळून एकूण कर्करोगांच्या सुमारे एक पंचमांशाहून अधिक भरले. एकेकटा दुर्मिळ असतो. सगळे मिळून मोठा समुदाय असतो. अमेरिकेने १९८३ च्या कायद्याने यावर उपाय शोधला. दोन लाखांहून कमी रुग्ण असलेल्या रोगावर औषध काढणाऱ्या कंपनीला सात वर्षे विक्रीचा एकाधिकार देण्यात आला. औषधे आली, हे मान्य केले पाहिजे. परंतु गरजेची पूर्तता मक्तेदारीच्या हवाली केल्यावर किंमतही मक्तेदारच ठरवणार, हे ओघानेच आले.

यकृताच्याच कर्करोगावर भारताने याला वेगळे उत्तर दिले होते. सोराफेनिब या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपये होता. मार्च २०१२ मध्ये पेटंट नियंत्रकांनी बायर कंपनीच्या पेटंटावर सक्तीचा परवाना देऊन नॅटको या भारतीय कंपनीस ते बनवण्याची मुभा दिली आणि महिन्याची किंमत ८,८८० रुपये ठरवली. पेटंट हा मालमत्तेचा निसर्गसिद्ध हक्क नसून समाजाने अटींवर दिलेली सवलत आहे, हे तत्त्व त्या निर्णयाने व्यवहारात आणले. परंतु स्वस्त झालेले औषध चुकीच्या रोगाला दिले, तर तो स्वस्तपणा निरर्थक होतो. जठरातून आलेल्या गाठीवर यकृताचे औषध देणे म्हणजे रुग्णाचे पैसे आणि त्याहून मोलाचे महिने वाया घालवणे. उलट बाजूही तितकीच खरी आहे. पित्तनलिकेच्या कर्करोगातील काही जनुकीय दोषांवर २०२० नंतर परदेशात औषधे मान्य झाली. पण रोगाचे नाव कळले आणि औषध आवाक्याबाहेर राहिले, तर ते ज्ञान क्रूर थट्टाच ठरेल. निदान आणि औषध हे दोन प्रश्न म्हणूनच तोडता येत नाहीत.

तिसरा प्रश्न नमुन्यांच्या मालकीचा. कर्जतच्या डोंगरातली एखादी वनस्पती उद्योगाने व्यापारासाठी नेली, तर २००२ च्या जैवविविधता कायद्याने लाभाची वाटणी मागता येते. त्याच डोंगरातल्या ठाकर वा कातकरी माणसाच्या गाठीचा तुकडा मात्र त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही. जैविक संसाधनांच्या व्याख्येतून मानवी जनुकीय सामग्री वगळलेली आहे. माणसाचे शरीर व्यापाराची वस्तू मानू नये, हा त्यामागचा विचार योग्यच आहे. पण मग ते इतर कोणाच्याही व्यापाराची वस्तू होता कामा नये. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नीतिसूत्रांनी नमुना देणाऱ्याचे हक्क आणि लाभाचा वाटा यांचा विचार केला आहे. सूत्रांना कायद्याचे बळ देणे हे उरलेले काम आहे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो प्रामाणिक आहे. जिथे साध्या उपचारांसाठी लोकांना तालुक्याच्या गावी जावे लागते, तिथे जनुकांच्या तपासणीची चैन कशाला? नवजात अर्भकाला काविळीची लस वेळेवर मिळाली, तर यकृताचे कितीतरी कर्करोग होणारच नाहीत. हे शंभर टक्के खरे आहे आणि त्या लशीचा अग्रक्रम कोणीही हिरावू नये. मात्र लशीने टळणारा रोग वेगळा आणि निरोगी यकृताच्या तरुणाला होणारा हा रोग वेगळा. दुसऱ्याला पहिल्याचे उत्तर देता येत नाही. शिवाय येथे प्रत्येक तालुक्यात प्रयोगशाळा उभारण्याची किंवा प्रत्येक रुग्णाची सगळी जनुके वाचण्याची मागणी नाही. सूक्ष्मदर्शकाखालच्या साध्या रंजक चाचण्यांनी बहुसंख्य गाठींचा निवाडा होतो. ज्या थोड्या शंकास्पद उरतात त्यांपुरतीच पुढची तपासणी लागते, आणि फायब्रोलॅमेलरसारखा ठरावीक दोष शोधण्यास तर संपूर्ण जनुकीय वाचनाचीही गरज नसते. रुग्णाने प्रवास करण्याची गरज नाही. मेणात जतन केलेला गाठीचा तुकडा प्रवास करू शकतो.

यासाठी लागणाऱ्या संस्था नव्याने निर्माण कराव्या लागणार नाहीत. १९४१ मध्ये टाटांच्या विश्वस्त निधीतून उभे राहिलेले परळचे रुग्णालय १९५७ मध्ये केंद्र सरकारकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे आले. ती आज जनतेची संस्था आहे. तिचे संशोधन केंद्र खारघरला, म्हणजे रायगड जिल्ह्यातच आहे. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडने देशभरची रुग्णालये जोडली आहेत आणि एकत्रित खरेदीने औषधांच्या किमती किती उतरतात, हेही दाखवून दिले आहे. राज्याची जीवनदायी योजना, जी पुढे महात्मा फुले यांच्या नावाने चालू राहिली, २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत रायगड होता. या योजनेने निदान हा उपचाराचाच पहिला भाग मानावा आणि शंकास्पद गाठीची जनुकीय तपासणी रुग्णाला विनामूल्य मिळवून द्यावी. तपासलेल्या गाठींची माहिती, नावगाव वगळून आणि रुग्णाच्या संमतीने, सार्वजनिक संशोधनास खुली राहावी. त्या माहितीतून निघालेले औषध या देशात परवडणाऱ्या किमतीला मिळेल, ही अट आधीच लेखी घालावी. या तिन्ही गोष्टी एकत्रच मागायला हव्यात. एक सोडली की उरलेल्या दोन निष्फळ होतात.

भिवपुरीच्या पाण्याने मुंबईला उजेड दिला. ते पाणी देताना डोंगरातल्या माणसाला कोणी अटी विचारल्या नव्हत्या. आता त्याच्या शरीरातला कण विज्ञानाला उजेड देऊ शकतो. या वेळी अटी आधी ठरल्या पाहिजेत, आणि त्या उजेडाचा पहिला किरण त्याच्या स्वतःच्या केसपेपरवर पडला पाहिजे.