चौदा इंची यंत्राचा पाच वर्षांचा हिशेब

बारावीचे निकाल हाती येऊन प्रवेशाच्या याद्या लागू लागल्या, की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. एरवी विमा, मृत्युपत्र, भाडेकरार यांविषयी विचारणारे वाचक एकाएकी लॅपटॉपविषयी विचारू लागतात. यंदा एकाच आठवड्यात तीन घरांतून जवळजवळ एकच प्रश्न आला. मुलगा चौदा इंची, लहानसा गेमिंग लॅपटॉप मागतो आहे, किंमत दीड लाखाच्या घरात आहे. शिक्षण पुरे होईपर्यंत तो साथ देईल काय?

यांतला तिसरा प्रश्न पत्राने नव्हे, फोनने आला आणि तो माझ्या थोरल्या बंधूंचा होता. अण्णांची सांगलीस हळदीची अडत आहे. पाच वर्षांपूर्वी त्यांच्या थोरल्या मुलीने पुण्यास वास्तुशास्त्राला प्रवेश घेतला, तेव्हा असेच एक यंत्र माझ्या सल्ल्याने घेतले गेले होते. आता धाकट्याचाही वास्तुशास्त्राचाच प्रवेश झाला आहे. "तुझ्या शब्दावर तेव्हा मी गप्प बसलो," अण्णा म्हणाले, "पण गेमिंग हा शब्दच मला खटकतो रे. दर खेपेला दीड लाख घालायचे आणि घरात मारामारीचे खेळ आणायचे?"

शब्दाचा निकाल आधी लावू. गेमिंग लॅपटॉप म्हणजे मुख्य प्रोसेसरखेरीज चित्रे घडविण्यासाठी स्वतंत्र ग्राफिक्स चिप असलेला लॅपटॉप. खेळातील रस्ता पडद्यावर उभा करणारी जी शक्ती, तीच वास्तुविशारदाच्या आराखड्यातील इमारत ऊनसावलीसह उभी करते. लुमियनसारखी सॉफ्टवेअरे अशा चिपेविना नीट चालतच नाहीत. मुलगा त्यावर खेळणार नाही असे मी म्हणणार नाही, खेळेल. परंतु पालकांच्या मनात ज्याची खरी धास्ती असते तो पैशांचा खेळ. त्याला २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायद्याने बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्स व साधे खेळ त्यापासून वेगळे ठेवले. तसले पैशांचे खेळ चालत होते ते खिशातल्या मोबाइलवर. त्यांना दीड लाखाचे यंत्र कधीच लागले नव्हते. तेव्हा लक्ष ठेवायचे असेल तर ते कशावर, हे अण्णांनी ओळखावे.

खरा प्रश्न टिकाऊपणाचा आहे, आणि तो लहान आकारामुळे बिकट होतो.

एके काळी गेमिंग लॅपटॉप म्हणजे सतरा इंची, जाडजूड, मांडीवर ठेवता न येणारी वस्तू असे. रेझर कंपनीने २०१३ मध्ये चौदा इंची ब्लेड आणला, पण हा प्रकार सर्वदूर पोचला तो २०२० पासून. त्या वर्षी जानेवारीत लास वेगासच्या प्रदर्शनात असूसने झेफिरस जी-१४ दाखविला. वजन सुमारे १.६ किलो, आणि त्यात कॅमेराच नव्हता! कंपनीला वाटले असावे, लॅपटॉपचा कॅमेरा वापरतो कोण? दोन-तीन महिन्यांतच जगभरच्या शाळा-महाविद्यालयांचे वर्ग पडद्यावर भरू लागले. (पुढच्या आवृत्त्यांत कॅमेरा मुकाट्याने परत आला.) आज या वर्गातील यंत्रे साधारणपणे दीड ते पावणेदोन किलोंची असतात, पंधरा-सोळा इंची गेमिंग यंत्रे सव्वादोन-अडीच किलोंच्या आसपास जातात. पाठीवर आराखड्यांची नळी, हातात थर्माकोलची प्रतिकृती आणि खांद्यावर पिशवी घेऊन पीएमपीएमएलच्या बसमध्ये चढणाऱ्या मुलीस हा किलोभराचा फरक किती मोलाचा, हे आपल्याला दुकानाच्या गादीवर बसून कळत नाही.

मात्र ही हलकी काया फुकट मिळत नाही. ग्राफिक्स चिप जितके वॉट वीज खाते तितकीच उष्णता बाहेर टाकते, आणि ती वाहून नेण्यास पातळ यंत्रात जागा थोडी असते. पंखे लहान, म्हणून ते वेगाने फिरतात व आवाज करतात. तेवढ्यानेही भागले नाही तर यंत्र आपणहून गती कमी करते. म्हणूनच एकाच नावाची चिप सर्वत्र एकसारखे काम देत नाही. एनव्हिडियाची आरटीएक्स ४०६० ही लॅपटॉपची चिप यंत्रानुसार ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत चालविली जाते, असे खुद्द कंपनीच्या तक्त्यात नमूद आहे. अण्णांना मी सांगितले, राजापुरी म्हटली म्हणजे सगळी राजापुरी हळद एका भावाने जात नाही. पोते फोडून, बोटांत मोडून पाहता ना? तसे येथे नावापुढचा वॉटचा आकडा पाहायचा. चौदा इंची यंत्रांत तो बहुधा मधला असतो.

आता पुतणीची कथा. पहिली दोन वर्षे तिच्या यंत्राविषयी तक्रार नव्हती, कारण (हे मला मागाहून उमगले) त्या यंत्राला काम असे नव्हतेच. वास्तुशास्त्राचा अभ्यासक्रम पाच वर्षांचा. आरंभीची दोन वर्षे तिच्या महाविद्यालयात बहुतेक काम हाताने, फळ्यावर, पेन्सिलीने चालले. लॅपटॉपवर निबंध, सादरीकरणे आणि चित्रपट. रेंडर, म्हणजे आराखड्यावरून हुबेहूब चित्र तयार करणे, सुरू झाले ते तिसऱ्या वर्षी. तोवर सर्वांत महागडा काळ, म्हणजे नवेपणाचा, निघून गेला होता.

चौथ्या वर्षी ज्युरीच्या आठवड्यात तिचा फोन आला. "काका, टचपॅड वर आल्यासारखं वाटतंय. दाबला जातच नाहीये." मी तत्काळ यंत्र बंद करावयास सांगितले. बॅटरी फुगली होती. तीन वर्षे वसतिगृहात यंत्र रात्रंदिवस चार्जरला जोडलेले, आणि ठेवलेले कोठे, तर गादीवर. खालची झरोके गादीने झाकलेली, आत उष्णता कोंडलेली; लिथियमच्या बॅटरीला पूर्ण भरलेले राहणे आणि उष्णता या दोन गोष्टी एकत्र सोसत नाहीत. सर्व्हिस सेंटरने बॅटरी मागवावी लागेल म्हणून सांगितले आणि तिला यावयास तीन आठवडे लागले. वॉरंटी? बॅटरीवर ती बहुधा एकच वर्ष असते. पोरीने त्या आठवड्यात मैत्रिणीच्या यंत्रावर, ती झोपल्यावर, रात्री दोन ते सहा काम करून सादरीकरण पुरे केले. अण्णांना हे आजतागायत ठाऊक नाही. या अंकातून कळेल.

दोष यंत्राचा किती आणि आमच्या अज्ञानाचा किती? निम्मा तरी आमचाच. अशा लॅपटॉपांत ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबविण्याची सोय असते; ती पहिल्या दिवशी सुरू करून द्यावयास हवी होती. लाकडी पाट पुरला असता. वर्षातून एकदा जाणकाराकडून पंख्यांतील धूळ काढून घ्यावयास हवी होती. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. यातील पुष्कळ यंत्रे मोठ्या वजनदार चार्जरखेरीज १०० वॉटच्या लहान यूएसबी-सी चार्जरवरही चालतात. मोठा चार्जर वसतिगृहात, रेंडरसाठी; लहान पिशवीत, वर्गासाठी. अन्यथा यंत्र दीड किलोचे घ्यायचे आणि सोबत अर्ध्या किलोच्या आसपास वजनाचा चार्जर रोज वाहायचा, यात मतलब काय? बॅटरीवर लिहिण्यावाचण्याचे काम नवेपणी सहा-सात तास चालते, पण रेंडर लावले की तास-दीड तासात दिवा विझतो, आणि ती चिप बॅटरीवर पूर्ण जोराने चालतही नाही. म्हणजे भारी काम भिंतीतील प्लगजवळच होणार, हे गृहीत धरावे.

बॅटरी निदान बदलता आली. जे बदलता येत नाही त्यावरच यंत्राचे आयुष्य ठरते, आणि येथे खरेदीदार हमखास चुकतो. साठवणुकीची एसएसडी बहुतेक यंत्रांत बदलता येते. ग्राफिक्स चिप व तिची स्वतःची मेमरी कधीच नाही. रॅमचे मात्र यंत्रागणिक वेगळे असते. पुतणीच्या यंत्रात निम्मी रॅम बोर्डावर कायमची जोडलेली व निम्मी खाचेत होती. चौथ्या वर्षी खाचेत मोठी पट्टी बसविली आणि अडखळणारे रेंडर मार्गी लागले. ही खाच आता दुर्मीळ होत आहे. झेफिरस जी-१४ च्या २०२४ च्या आवृत्तीत सारी रॅम बोर्डावरच आली. रेझरने २०२३ च्या ब्लेड १४ मध्ये बदलता येणारी रॅम दिली आणि २०२५ मध्ये यंत्र अधिक सडपातळ करताना ती पुन्हा काढून घेतली. अशा यंत्रात पहिल्या दिवशी जेवढी रॅम घ्याल तेवढीच शेवटच्या दिवशी असणार. १६ जीबीवर पाच वर्षे काढण्याची अपेक्षा भारी कामाच्या विद्यार्थ्याने ठेवू नये. ३२ घ्यावी, नाहीतर खाच असलेले यंत्र शोधावे, भले ते थोडे जाड असो.

आता व्यापाऱ्याच्या भाषेत. आयकराच्या नियमांत धंद्यातील संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो. केवळ मोजमाप म्हणून तो येथे लावून पाहा. दीड लाखाचे यंत्र वर्षअखेर ९०,००० वर, दुसऱ्या वर्षी ५४,०००, तिसऱ्या ३२,४००, चौथ्या १९,४४० आणि पाचव्याच्या शेवटी ११,६६४ वर येते. म्हणजे पहिल्या दोन वर्षांत ९६,००० रुपये गेले. आणि आमच्या मुलीने त्या दोन वर्षांत त्यावर निबंध लिहिले! मूल्य असे उतारावरून घसरते. उपयोग मात्र घसरत नाही, तो एखाद्या दिवशी कड्यावरून पडतो. कालपर्यंत सुरळीत असलेले यंत्र नव्या सॉफ्टवेअरपुढे किंवा फुगलेल्या बॅटरीपुढे हात टेकते, आणि तो दिवस नेमका परीक्षेच्या आठवड्यात उगवतो.

म्हणून अण्णांना मी विचारले, "धाकट्याला हे यंत्र हवे की नको, हे राहू द्या. केव्हा हवे?" वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यास पहिली दोन वर्षे ५०-६० हजारांचा साधा, हलका लॅपटॉप पुरतो. तिसऱ्या वर्षी उरलेल्या पैशांत थोडी भर घालून त्या वेळची नवी चिप घ्यावी. ती पाचव्या वर्षापर्यंत आणि पुढे पहिल्या नोकरीतही टवटवीत राहील. एकूण खर्च थोडा वाढेल, हे कबूल. पण ऐन गरजेच्या काळात यंत्र तरुण असेल आणि जुने हाताशी राखीव राहील. अॅनिमेशन किंवा गेम डिझाइन शिकणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याचे काम पहिल्या सत्रापासून भारी, त्याने सुरुवातीलाच घ्यावा, आणि रोज ने-आण नसेल तर चौदा इंचीचा हट्ट सोडून सोळा इंची घ्यावा. त्याच पैशांत थंड व अधिक जोरकस यंत्र मिळते. संगणक अभियांत्रिकीच्या बहुतेकांचे साध्या यंत्रावर भागते. आणि आपल्या घरांतून सर्वाधिक मुले जातात त्या बी.कॉम. व सी.ए.साठी? टॅली आणि एक्सेलला ग्राफिक्स चिपेचे काय काम? तेथे मुलाने गेमिंग लॅपटॉप मागितला, तर तो खेळासाठी मागतो आहे हे त्याने सांगावे आणि आपण ऐकावे. सरळ मागितलेल्या गोष्टीला सरळ हो किंवा नाही म्हणता येते.

एक सूचना बिलाविषयी, कारण ती विचारली जातेच. दीड लाखाच्या बिलात १८ टक्क्यांनी सुमारे २३ हजार जीएसटी असतो, आणि बिल पेढीच्या नावे करून तो वळता करून घेण्याचा मोह होतो. वैयक्तिक वापराच्या वस्तूवर हे क्रेडिट मिळत नाही. केंद्रीय जीएसटी कायद्याचे कलम १७(५) ते स्पष्टपणे रोखते. आपल्या सी.ए.ला विचारून पाहा, तो हसेल.

अण्णांनी दोन दिवस विचार केला. मग फोनवर धाकटाच बोलला, स्वर जरा पडलेला. "काका, दोन वर्षं थांबायचं म्हणजे तोवर मित्रांसोबत खेळायचंच नाही का?" मी म्हटले, साध्या यंत्रावर चालतील ते खेळ खेळ. तो क्षणभर गप्प राहिला आणि मग म्हणाला, "ताईचं जुनं तर आहेच ना?"

आहे खरे. नव्या बॅटरीसह ते सध्या सांगलीच्या अडतीत, काट्याशेजारच्या टेबलावर, कायम प्लगला जोडलेले असते. त्यावर मुनीमजी हळदीच्या पावत्या करतात. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबते. ते मी स्वतः जाऊन लावून आलो आहे. रात्री दुकान बंद झाल्यावर कोणी तेथे बसतो का, हे मात्र मी विचारलेले नाही.