सोन्याचा ससा

संपादकीयाच्या जागी ससा कशापायी, असं काहीजण विचारतील. विचारू द्या. हा ससा सोन्याचा आहे. मागचे पाय फितीनं बांधून उलटा टांगलेला. शेजारी शिंग, बंदूक, बाणांचा भाता, मान टाकलेला तितर आणि वर बघत बसलेला कुत्रा. अठराव्या शतकात फ्रान्सच्या राजवाड्यांत नि सरदारांच्या हवेल्यांत भिंती लाकडी तक्त्यांनी मढवायचे, त्यांवर शिकारीचे असले घोस कोरायचे आणि वर सोनं चढवायचे. आज त्याला 'पंधराव्या लुईची शैली' म्हणतात. लुई १७७४ साली मेला. लेथवर हस्तिदंत कातायचा त्याला शौक होता खरा, पण शौक वेगळा नि मजुरी वेगळी. हे तक्ते त्यानं कोरले नाहीत. नाव मात्र त्याचं.

व्हर्सायच्या कोरीव कामामागं जाक व्हर्बेर्क्त (१७०४-१७७१) हे एक नाव टिकलं. त्याच्या हाताखाली पटाशी चालवणारे कुठायत? पॅरिसच्या सुतारांना अठराव्या शतकाच्या मध्याला खुर्चीवर नावाचा शिक्का मारायची सक्ती झाली. त्याच खुर्चीवर पानंफुलं कोरणारा आणि तिला सोन्यानं मढवणारा यांचे पेशे वेगळे, संघ वेगळा. त्यांचं नाव क्वचितच सापडतं.

आता काम बघा. मी मॅट्रिक, गोदीत ओझी वाहणारा. सौंदर्यशास्त्र मला कुणी शिकवलं नाही, पण कष्ट ओळखता येतात. लाकूड कोरून झालं की त्यावर गरम सरसात कालवलेल्या खडूचे हात, एकावर एक आठ-दहा. त्यानं कोरीव रेघा बुजतात. मग दुसरा कारागीर बारीक हत्यारानं सशाचा केस न् केस, तितराचं पीस न् पीस त्या खडूत पुन्हा कोरतो. मग तांबड्या मातीचा थर. मग वर्ख. वर्ख इतका पातळ की श्वासानं उडतो. खारीच्या केसांचा ब्रश स्वतःच्या गालावर फिरवायचा, गालाचं तेल लागलं की वर्ख ब्रशला चिकटतो. शेवटी अकीकानं घोटून चमक आणायची. अकीकाआधी जुने लोक कुत्र्याचा, लांडग्याचा दात वापरायचे.

आणि तो सरस कशाचा? कातड्याचा. कधी मेंढीच्या, कधी सशाच्या, कधी हातमोज्यांच्या कातरणांचा. म्हंजे वर सोन्याचा ससा, आणि त्याला धरून ठेवणारं खाली उकळलेलं कातडं. कातड्याला हात लावणाऱ्यांची नावं तर इतिहासानं विचारलीच नाहीत.

तक्त्यावर कुत्रा आहे, हाका घालणारा माणूस नाही. व्हर्सायमध्ये लुईच्या लाडक्या कुत्र्यांना वेगळं दालन होतं. पॅरिसभोवतीच्या राखीव शिकारक्षेत्रात मात्र शेतकऱ्यानं निंदणी करायची नाही, ठरल्या दिवसाआधी गवत कापायचं नाही. का, तर तितराची घरटी मोडतील. उभं पीक सरदाराच्या सशानं खाल्लं तरी हात चोळत बसायचं. १७८९च्या गाऱ्हाण्यांच्या वह्यांत ही तक्रार गावोगावी आहे. ४ ऑगस्ट १७८९च्या रात्री हा खास हक्क रद्द झाला. त्याच महिन्यात आर्थर यंग हा इंग्रज प्रवासी कुरकुरला, की दक्षिणेत गंजक्या बंदुका घेऊन जो तो पाखरं मारत सुटलाय. पण ठराव नीट वाचा. हक्क मिळाला जमीनमालकाला, आपल्या जमिनीपुरता. ज्याला जमीनच नाही त्याला? काही नाही.

आपल्यातले काही म्हणतात, हा सरंजामी कचरा, जाळून टाका. मला पटत नाही. व्हर्सायचं सामान क्रांतीनं जाळलं नाही. १७९३च्या ऑगस्टपासून वर्षभर लिलाव चालला, १७,०००हून जास्त लॉट विकले. आणि जाळून राजाचं काय जातं? त्याची शैली पुस्तकात शाबूत राहील. जळेल ते खडूत पुन्हा कोरलेलं पीस.

कधी असा तक्ता समोर आला तर त्याची पाठ बघायला मागा. पहारेकरी हटकेल, तरी मागा. तिकडं सोनं नाही, खडू नाही, धड रंधाही नाही. लाकूड तसंच खरबरीत, आणि त्यावर हत्यारांचे घाव.