कुमारांची नजर आणि पालकांचा निर्णय
कुमारवयात नेत्रगोल लांबत जाऊन दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच पडू लागते, आणि वयाच्या १८ व्या वर्षापूर्वी लेसर शस्त्रक्रिया सहसा करीत नसल्यामुळे जे मार्ग उरतात, त्यांत अंतर्गोल भिंगांचा चष्मा हाच सर्वांत निर्धोक व अल्पखर्ची होय. मात्र साध्या चष्म्याने नंबराची वाढ थांबत नाही. रात्री निजताना घालावयाची, पारपटलाचा आकार तात्पुरता बदलणारी कठीण भिंगे दिवसा चष्म्यापासून मुक्तता देतात व ती वाढही मंदावतात; परंतु स्वच्छतेत हयगय झाल्यास जंतुसंसर्गाने दृष्टीच गमावण्याचे भय असल्याने, निर्जंतुक द्रावणाऐवजी नळाच्या पाण्याने भिंगे धुतली जाण्याचा संभव असेल त्या घरी त्यांची शिफारस करण्यास आमचे मन धजत नाही. अ‍ॅट्रोपिनचे सौम्य थेंब, ज्यांत हाँगकाँगच्या चाचणीत ०.०५ टक्के हे प्रमाण ०.०१ टक्क्याहून सरस ठरले, वाढीस आळा घालतात. चष्मा तरीही लागतोच.

नंबर मुळात लागूच नये म्हणून तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांना रोज १२० मिनिटे उघड्यावर काढण्याचा परिपाठ घालून दिला. आमच्या शिक्षण खात्यानेही खेळाचा तास गणिताच्या जादा तासाला देण्याची वहिवाट तत्काळ बंद करावी, आणि शाळेतील वार्षिक नेत्रतपासणीची तजवीज कागदावर न ठेवता अमलात आणावी.