तळं खोदण्याआधी मीठ मोजा

खाडीकाठच्या गावात शेततळ्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "साहेब, किती खोल मंजूर होईल?" जितकं खोल तितकं जास्त पाणी, असा सरळ हिशेब. डोंगरउतारावर किंवा घाटावर हा हिशेब बरोबर आहे. समुद्राच्या कडेला मात्र तो अंगलट येतो. तळं भरलेलं दिसतं, आणि तेच पाणी मार्च-एप्रिलमध्ये मिरची-वांग्याला दिलं की पानांच्या कडा करपतात. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की, किनारपट्टीत मिठाचं माप घेतल्याशिवाय कुठल्याही तळ्याला मंजुरी देऊ नये.

यासाठी बेटांचे दाखले देतो. बेटाला चारी बाजूंनी समुद्र. आपल्याकडे जे दहा वर्षांत हळूहळू घडतं, ते तिथे चटकन दिसून येतं.

पहिला दाखला लक्षद्वीपचा. प्रवाळाची लहान बेटं, नदी-ओढा नाही. पावसाचं पाणी वाळूतून मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं, कारण गोडं पाणी हलकं आणि खारं जड. भूजलशास्त्राचा ठोकताळा असा की, समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर खाली सुमारे ४० फूट गोडं पाणी असतं. प्रत्यक्षात भरती-ओहोटीने मिसळण होऊन हा थर याहून पातळच असतो. आता हेच गणित उलटं वाचा. वरचं एक फूट पाणी उपसलं, की खालचं खारं पाणी कितीतरी पटीने वर सरकू पाहतं. रहाट होता तोवर हे तोललं गेलं, पंप बसल्यावर तोल बिघडू लागला. कवरत्ती बेटावर २००५ साली समुद्राचं पाणी गोडं करणारा, रोज एक लाख लिटर क्षमतेचा प्रकल्प उभारावा लागला, यावरून काय ते समजा.

दुसरा दाखला श्रीलंकेचा. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीत तिथल्या पूर्व किनाऱ्यावरच्या विहिरी खाऱ्या झाल्या. मदतीच्या घाईत पंप लावून त्या पुन्हा पुन्हा उपसल्या गेल्या. बऱ्याच ठिकाणी त्यामुळे खालचं खारं पाणीच आत ओढलं गेलं. शेवटी सल्ला द्यावा लागला की, फार उपसू नका, पावसाला काम करू द्या.

तिसरा दाखला अंदमानचा. तो आपल्याला सर्वात जवळचा, कारण पाऊस आपल्यासारखाच, वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर. त्याच भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन सुमारे एक मीटर खचली. सिप्पीघाट भागातल्या भातशेतीत समुद्र घुसला तो तिथेच राहिला. तिथल्या कृषी संशोधन संस्थेने बाधित जमिनीचे तीन प्रकार पाडले: कायम पाण्याखाली गेलेली, फक्त भरतीला बुडणारी, आणि एकदाच समुद्र येऊन गेलेली. तिसऱ्या प्रकारच्या जमिनीतलं मीठ पावसाने धुऊन नेलं. दुसऱ्या प्रकारात मात्र बांध आणि दरवाजे घातल्याशिवाय पावसाचा उपयोग होत नव्हता. रोज भरती मीठ आणून टाकते, मग पाऊस धुणार तरी किती?

त्या संस्थेने सांगितलेला उपाय साधा आहे. रुंद वरंबे उंच करायचे, मध्ये रुंद चर ठेवायचे. पाऊस वरंब्यातलं मीठ खाली चरात उतरवतो, तिथून ते बाहेर काढून द्यायचं. वरंब्यावर भाजी, चरात भात आणि मासे. एक दक्षता हवी. खोदताना काळा, कुजक्या अंड्यासारखा वास येणारा गाळ लागला तर थांबावं. कांदळवनाखालची अशी माती हवेवर आली की तिचं आम्ल बनतं आणि पिकाची मुळं जळतात.

आता आपल्या खारेपाटाकडे या. बांधाला खांड गेली किंवा उघाडीची झडप नादुरुस्त झाली, की आपली शेतं त्या दुसऱ्या प्रकारात जमा होतात. मग त्यात खोदलेलं तळं म्हणजे मिठाचं भांडंच. दोन मीटर पाण्यातलं एक मीटर उन्हाळ्यात वाफ होऊन गेलं, तर उरलेल्या पाण्यात मीठ दुप्पट होतं. पाणी उडून जातं, मीठ जात नाही. जून लागला की नवं पाणी वर तरंगतं, खारं तळाशी बसतं, आणि त्या तळच्या पाण्यातला प्राणवायू घटतो. पहिल्या पावसानंतर तळ्यातली मासळी मरते, तेव्हा अनेकदा हेच कारण असतं. सांडवा वर असेल तर गोडं पाणी वाहून जातं आणि खारं आतच राहतं. म्हणून तळाशी पाइप घालून ओहोटीच्या वेळी खालचं पाणी सोडावं.

माझ्या सूचना चार. एक, खाडीकाठी तळं उथळ आणि पसरट असावं. तीन मीटरचं छापील माप इथे लावू नये. दोन, मंजुरीपूर्वी मे महिन्यात जवळच्या विहिरीच्या व खड्ड्याच्या पाण्याची क्षारता तपासावी. ती ०.७ डेसिसायमनच्या आत असेल तर निर्धास्त वापरा, ३ पर्यंत पीक पाहून जपून वापरा, त्यापुढे भाजीपाल्याचा नाद सोडा. समुद्राचं पाणी ५० च्या आसपास भरतं, हे ध्यानात ठेवा. तीन, जिथे खारं पाणी टळणारच नाही तिथे जिताड्याचं तळं करा. हा मासा गोडं-खारं दोन्ही सोसतो. भातासाठी पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचे पनवेल-१, २, ३ हे वाण आहेतच. चार, आणि सर्वात महत्त्वाचं, उघाडीची झडप आणि बांध यांची पाहणी दर उधाणाआधी व्हावी.

ही पाहणी कोणी करायची, यावरच घोडं अडतं. बांध सरकारी की खासगी, या वादात एक उधाण निघून जातं आणि शंभर एकर नापीक होते. पूर्वी गावकी मिळून बांध राखायची. आजही सरपंच, तलाठी आणि कृषी सहायकांनी एका सकाळी बांधावरून चालत जायला पैसा लागत नाही. क्षारता मोजायचा खिशातला मीटर ग्रामपंचायतीने घेतला तरी तो अवघ्या गावाला पुरेल. तळ्याच्या अनुदानाचा अर्ज भरण्याआधी एवढं करा. एकदा खारी झालेली जमीन अर्ज करून गोडी होत नाही.