व्यवसायात भागीदार, कायद्यात परके

विशेष प्रतिनिधी, मुंबई

दादर स्थानकाबाहेर सेनापती बापट मार्गावरील मीनाताई ठाकरे फूल बाजारात पहाटे उतरणाऱ्या मालाला कोणी नातेगोते विचारत नाही. पुणे, सातारा, नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील झेंडू व शेवंती, मावळातील पॉलिहाउसमधील गुलाब, जव्हार-विक्रमगडकडचा मोगरा, थायलंडहून विमानाने येणारी ऑर्किड या साऱ्यांचा भाव ठरतो तो ताजेपणावर आणि त्या दिवशी लग्नाचा मुहूर्त आहे की नाही, यावर. येथून प्रभादेवी हाकेच्या अंतरावर आहे. सिद्धिविनायक मंदिराबाहेर जास्वंद आणि दूर्वा विकणाऱ्यांपासून लग्नाचे व्यासपीठ उभारणाऱ्या सजावटकारांपर्यंत या पट्ट्यातील कितीतरी कुटुंबे फुलांवर जगतात.

यातील ‘कुटुंब’ हा शब्द महत्त्वाचा आहे. लग्नातील फूलसजावट हा बहुतांशी घरगुती धंदा आहे. पती खरेदीला जातो, पत्नी ऑर्डरी आणि हिशेब सांभाळते, भाऊ टेम्पोबरोबर जातो आणि दुकान पुढे मुलाच्या नावावर होते. मात्र हाच व्यवसाय एखाद्या समलिंगी जोडप्याने उभा केला, तर त्याला या घरगुती चौकटीचा आधार कितपत मिळतो? लग्नसमानतेची चर्चा आजवर न्यायालयात आणि मोर्चात झाली. तिचा परिणाम व्यापाराच्या खातेवहीवर कसा होतो, हे तपासण्यासाठी दुसऱ्यांची लग्ने सजवणाऱ्या या धंद्याइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

नाशवंत माल, उसनवारीचे भांडवल

या धंद्याचे गणित अवघड आहे. तुळशी विवाहानंतर हंगाम सुरू होतो आणि आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की जवळपास थांबतो. म्हणजे वर्षातील काही महिन्यांच्या कमाईवर बारा महिन्यांचे भाडे आणि कारागिरांची मजुरी भागवावी लागते. ग्राहकाकडून ॲडव्हान्स घेऊन दर आधी ठरवलेला असतो. फुले मात्र आदल्या रात्री किंवा त्याच पहाटे घ्यावी लागतात. मोठ्या मुहूर्ताला भाव दुपटीवर गेला, तर तोटा सजावटकाराच्या माथी. सकाळच्या मुहूर्तासाठी रात्रभर जागून बांधलेले व्यासपीठ दुपारी उतरवावे लागते आणि उरलेला माल निर्माल्यात जातो. येथे शिल्लक साठा म्हणून काही नसतेच.

करांची रचनाही गुंतागुंतीची आहे. ताज्या फुलांच्या विक्रीवर वस्तू व सेवा कर नाही. मात्र त्याच फुलांची सजावट करून दिली की ती सेवा ठरते आणि तिच्यावर १८ टक्के कर लागतो. वर्षाची उलाढाल २० लाख रुपयांच्या वर गेली की नोंदणी अनिवार्य होते. मुंबईत दोन-तीन मोठी लग्ने मिळाली, तरी छोटा सजावटकार या मर्यादेच्या जवळ पोहोचू शकतो.

अशा धंद्यात अडचणीच्या वेळी उपयोगी पडते ते नात्यातले भांडवल. पत्नीचे दागिने गहाण पडतात, सासऱ्याकडून उसने येतात, पतीच्या कर्जाला पत्नी सहअर्जदार होते. हा पैसा ताळेबंदात दिसत नाही. पण त्यावाचून दादर-परळच्या अनेक दुकानांची दारे दुसऱ्या हंगामात उघडली नसती.

फौजदारी भीती गेली, दिवाणी पोकळी उरली

मुंबई या विषयाला नवी नाही. अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू केले आणि १९९४ मध्ये ‘हमसफर ट्रस्ट’ची स्थापना झाली. १६ ऑगस्ट २००८ रोजी ऑगस्ट क्रांती मैदानातून गिरगाव चौपाटीकडे ‘क्वीअर आझादी’ मोर्चा निघाला. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने भारतीय दंडविधानाच्या कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने पुन्हा मुक्तता दिली.

मधल्या काळात समाजही जागच्या जागी राहिला नाही. मे २०१५ मध्ये हरीश अय्यर या कार्यकर्त्याच्या आईने मुलासाठी ‘वर पाहिजे’ अशी जाहिरात मुंबईच्या एका इंग्रजी दैनिकात दिली. ३० डिसेंबर २०१७ रोजी, म्हणजे कलम ३७७ अस्तित्वात असतानाच, यवतमाळात दोन पुरुषांचा विवाहसोहळा झाला. २०२१ च्या अखेरीस नागपुरात दोन महिला डॉक्टरांनी नातेवाईकांच्या साक्षीने अंगठ्या बदलल्या. हार, तोरण आणि व्यासपीठ यांची मागणी अशा सोहळ्यांतही असते.

मात्र १७ ऑक्टोबर २०२३ रोजी ‘सुप्रियो’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विवाह हा मूलभूत अधिकार नसल्याचे एकमताने सांगितले. समलिंगी जोडप्यांच्या नात्याला विवाहाखेरीज अन्य कायदेशीर दर्जा देण्याची कल्पना तीन विरुद्ध दोन मतांनी फेटाळली गेली. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड अल्पमतात होते. फेरविचार याचिका ९ जानेवारी २०२५ रोजी नामंजूर झाल्या. फौजदारी खटल्याची टांगती तलवार दूर झाली. दिवाणी कायद्यात मात्र हे नाते अस्तित्वातच नाही.

भागीदारीपत्र कोठवर पुरते?

समजा, दोन मैत्रिणी प्रभादेवीत एकत्र राहतात आणि मिळून लग्नसजावटीचा व्यवसाय करतात. भारतीय भागीदारी कायदा, १९३२ त्यांना कोणताही वैयक्तिक प्रश्न विचारत नाही. करार करण्यास पात्र असणाऱ्या कोणत्याही दोन व्यक्ती भागीदार होऊ शकतात. नफा-तोट्याची वाटणी लिहून पेढीची नोंदणी केली की काम झाले. नोंदणी न केल्यास थकबाकीदार ग्राहकावर पेढीला दावा लावता येत नाही. म्हणून ‘आपल्या दोघींत कागद कशाला’ हा भाबडेपणा येथे परवडणारा नाही.

अडचण पुढे सुरू होते. त्याच कायद्याच्या कलम ४२ नुसार, करारात वेगळे लिहिले नसेल, तर भागीदाराच्या मृत्यूने पेढी विसर्जित होते. मृत भागीदाराचा हिस्सा तिच्या वारसांकडे जातो. हे वारस कोण? हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ नुसार मृत्युपत्र न करता स्त्री मरण पावल्यास तिच्या स्वकष्टार्जित मालमत्तेवर प्रथम मुले व पती, मग पतीचे वारस, त्यानंतर आईवडील, पुढे वडिलांचे आणि शेवटी आईचे वारस असा क्रम लागतो. वीस वर्षे बरोबरीने पहाटेचा बाजार करणारी सहचरी या यादीत कोठेच नाही. जिने मुलीशी बोलणे टाकले, ते माहेर उद्या पेढीचा हिशेब मागू शकते आणि कायद्याने ते योग्यच ठरेल.

यावर उपाय आहेत. मृत्युपत्र करता येते, भागीदारीपत्रात हिस्सा खरेदीचे कलम घालता येते, बँक खात्यावर नामनिर्देशन करता येते. २००८ च्या कायद्याखालील मर्यादित दायित्व भागीदारी भागीदाराच्या मृत्यूनंतरही टिकते. मात्र यातील प्रत्येक कागदाला वकील, शुल्क आणि दूरदृष्टी लागते. विवाहित जोडप्याला यातील बरेच काही लग्नाच्या नोंदणीबरोबर आपोआप मिळते. शिवाय मृत्युपत्राला नाराज नातेवाईक आव्हान देऊ शकतात. तो खटला चालू असताना हंगाम थांबत नाही.

कराच्या बाबतीत तर कागदही अपुरा पडतो. १९६१ च्या आयकर कायद्याने घालून दिलेल्या चौकटीत, नातेवाईक नसलेल्या व्यक्तीकडून वर्षभरात ५० हजार रुपयांहून अधिक रक्कम भेट म्हणून मिळाली, तर ती करपात्र उत्पन्न ठरते. पती-पत्नी ‘नातेवाईक’ असल्याने त्यांच्यातील भेटीला ही मर्यादा नाही. लग्नानिमित्त मिळालेले आहेरही करमुक्त असतात. म्हणजे दोघींपैकी एकीने दुसरीला दुकानाच्या अनामत रकमेसाठी पाच लाख रुपये दिले, तर ते कर्ज म्हणून लिहावे लागतील, अन्यथा त्यावर कर भरावा लागेल. याच तरतुदीला एका समलिंगी जोडप्याने मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले असून ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने देशाच्या महान्यायवाद्यांना नोटीस काढली. विवाहाचा प्रश्न बाजूला ठेवून केवळ कराच्या समानतेवर मागितलेली ही दाद असल्याने तिचे महत्त्व मोठे आहे.

घराचीही तीच गत. महाराष्ट्रात राहते घर पती, पत्नी, मुलगा किंवा मुलीला बक्षीसपत्राने दिल्यास स्थानिक अधिभार वगळता मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये आहे. सहचरीला तेच घर द्यायचे, तर बाजारमूल्याच्या टक्केवारीने शुल्क भरावे लागते. प्रभादेवीत गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिल्यानंतर ती रक्कम लाखांच्या घरात जाते. लहान व्यावसायिकासाठी घर हेच कर्जाचे तारण असते, हे लक्षात घेतले की या फरकाचा फटका धंद्याला कसा बसतो, ते कळते.

ग्राहक, शिफारस आणि मौन

लग्नसजावटीचे काम जाहिरातीपेक्षा शिफारशीवर चालते. एका घरच्या लग्नात पाहुण्यांनी व्यासपीठ पाहिले की पुढची ऑर्डर येते. वधू-वरांच्या मातापित्यांपुढे आपली ओळख सांगावी की नाही, हा निर्णय म्हणूनच धंद्याचा निर्णय होतो. सांगितले तर काम जाण्याची धास्ती, न सांगितले तर ‘तुमचे लग्न झाले का’ या साध्या प्रश्नाला दर वेळी खोटे उत्तर.

काम नाकारले गेले, तर दाद कोठे मागायची? राज्यघटनेचे कलम १५ प्रामुख्याने शासनावर बंधनकारक आहे. पारलिंगी व्यक्तींना २०१९ च्या कायद्याने रोजगार व सेवांत भेदभावाविरुद्ध संरक्षण दिले. समलिंगी व्यक्तींसाठी खासगी व्यवहारात तसा स्वतंत्र कायदा नाही. उघडपणे धंदा करण्याचे प्रयत्न झाले आहेत. २०१० मध्ये मुंबईतून ‘क्वीअर इंक’ हे पुस्तकविक्री केंद्र सुरू झाले. २०२३ मध्ये खुद्द प्रभादेवीत पारलिंगी व्यक्तींनी चालवलेले ‘ट्रान्सफॉर्मेशन सलून’ उघडले. मात्र त्या सलूनमागे एका बँकेचे आणि रोटरी क्लबचे पाठबळ होते. ज्यांच्यापाशी कुटुंबाचे भांडवल नाही, त्यांना संस्थेचे भांडवल लागते, हाच त्याचा अर्थ.

अमेरिकेत हा प्रश्न नेमका उलट्या बाजूने उभा राहिला. वॉशिंग्टन राज्यातील रिचलंड येथील ‘आर्लीन्स फ्लॉवर्स’च्या मालकिणीने २०१३ मध्ये आपल्या जुन्या ग्राहकाच्या समलिंगी विवाहासाठी फुले देण्यास धार्मिक कारणाने नकार दिला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दोनदा तिच्या विरोधात निकाल दिला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये पाच हजार डॉलर देऊन वाद मिटला. तेथे फूलवाल्याला ग्राहक नाकारण्याचा हक्क आहे का, हा मुद्दा होता. येथे ग्राहकाने फूलवालीला नाकारले, तर तो मुद्दा मांडण्यासाठी कायद्याचे कलमच उपलब्ध नाही. आणि ज्या थायलंडमधून आपल्या लग्नमंडपातील ऑर्किड येतात, तेथे २३ जानेवारी २०२५ पासून समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली आहे.

राज्याला काय करता येईल?

विवाहाची व्याख्या बदलणे हे संसदेचे काम असल्याचे न्यायालयाने सांगितले. त्यासाठी किती वर्षे लागतील, हे कोणीच सांगू शकत नाही. पण मधली वाट मोकळी आहे. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राने मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि त्याच वर्षी अशा जोडप्यांना संयुक्त बँक खाते उघडण्यास व परस्परांना नामनिर्देशित करण्यास मज्जाव नसल्याचे, तसेच शिधापत्रिकेसाठी त्यांना एकाच घरातील मानले जावे, असे स्पष्ट केले. २२ मे २०२५ रोजी मद्रास उच्च न्यायालयाने, विवाह हा कुटुंब स्थापन करण्याचा एकमेव मार्ग नाही, असे मत नोंदवले.

शिधापत्रिकेवर जे एक घर आहे, ते बक्षीसपत्रावर दोन अनोळखी व्यक्ती का ठरावे, याचे उत्तर शासनाला द्यावे लागेल. मुद्रांक शुल्कात सवलत देण्याचा अधिकार राज्याकडे आहे. परस्परांच्या नावे नोंदणीकृत दस्त करून एकत्र राहणाऱ्यांना ती सवलत देण्यासाठी विवाह कायद्याला हातही लावावा लागत नाही. लघुउद्योग कर्जाच्या सहअर्जदारांत सहचराचा स्वीकार करणे हे बँकांच्या अखत्यारीत आहे. या सुधारणा लहान आहेत. पण हंगामावर जगणाऱ्या दुकानाला लहान सुधारणाच तारतात.

तोवर या व्यवसायातील जोडप्यांनी एवढे तरी करावे: पेढीची नोंदणी, मृत्यूनंतरच्या हिश्श्याचे स्पष्ट कलम, साक्षीदारांसह मृत्युपत्र आणि आपसांतील प्रत्येक रकमेचा लेखी हिशेब. तुळशीचे लग्न लागले की दादरच्या बाजारात पुन्हा गर्दी उसळेल आणि सजावटकारांना श्वास घ्यायलाही वेळ उरणार नाही. हे कागद त्यापूर्वीच व्हायला हवेत.