शत्रूचें घर आणि सरकारचें कुलूप

नव्या मुंबईंतील करावे या गांवाहून एका गृहस्थांचें पत्र आमच्याकडे आलें आहे. त्यांच्या आजोबांपासून त्यांचें एकत्र कुटुंब मुंबईंतील एका जुन्या इमारतींत भाड्यानें राहत आलें. हे गृहस्थ सेवानिवृत्तीनंतर खाडीपलीकडे राहावयास आले. दोघे धाकटे बंधु, त्यांचीं मुलेंबाळें आणि वृद्ध काकू अद्याप जुन्याच जागेंत आहेत. इमारतीचा मालक फाळणीनंतर कांहीं वर्षांनीं कराचीस गेला. १९६५ च्या युद्धानंतर भाड्याची पावती 'कस्टोडियन'च्या नांवें येऊं लागली. आतां मालकाच्या नातवाचें कुलमुखत्यारपत्र आपल्यापाशीं आहे असें सांगणारा एक इसम दारीं आला असून, कांहीं लाख रुपये दिल्यास जागा कायमची तुमच्या नांवें करून देतों, असें म्हणतो. काकूंनीं पाटल्या मोडावयास काढल्या आहेत. 'अशा वेळीं काय करावें?' असा पत्रलेखकांचा प्रश्न आहे.

उत्तर आधींच देऊन टाकतों. पाटल्या जशाच्या तशा कपाटांत ठेवाव्या आणि त्या इसमास एक पैहि देऊं नये. ज्याच्या नांवचें मुखत्यारपत्र तो दाखवितो त्याला ती जागा विकण्याचा अधिकारच उरलेला नाहीं. हें असें कां, तें समजण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल. आणि विषय असा आहे कीं मागें गेल्याचा कंटाळा येणार नाहीं.

युद्ध सुरू झालें कीं शत्रुराष्ट्राच्या नागरिकांची आपल्या देशांतील मालमत्ता सरकारनें ताब्यांत घ्यावयाची, ही चाल आम्हांस इंग्रजांकडून मिळाली. ३ सप्टेंबर १९३९ रोजीं हिंदुस्थान युद्धांत ओढला गेला. कोणास विचारून नव्हे, हें सांगणें नकोच. भारत संरक्षण नियमांखालीं शत्रुसंपत्तीचा अभिरक्षक, म्हणजेच कस्टोडियन, नेमण्यांत आला व त्याची कचेरी मुंबईस थाटली गेली. पुढें अनेक वर्षें ती बॅलार्ड इस्टेटमधील कैसर-इ-हिंद इमारतींत होती. प्रथम जर्मनांची, मग इटालियनांची, आणि डिसेंबर १९४१ नंतर जपान्यांची मालमत्ता तिच्या वहींत चढली. मुंबईच्या कापसाच्या बाजारांत जपानी पेढ्यांचा केवढा दबदबा होता, हें त्या काळच्या व्यापारी घराण्यांच्या वंशजांस ठाऊक असेलच. त्या पेढ्यांस कुलुपें लागलीं.

१९४७ सालीं इंग्रज गेले, परंतु कुलुपें राहिलीं आणि किल्ल्या आपल्या हातीं आल्या. नव्यानें स्वतंत्र झालेल्या देशापुढें प्रश्न उभा राहिला कीं दुसऱ्याच्या भांडणांत जप्त झालेल्या या मालाचें करावयाचें काय? आमच्या मतें येथें भारतानें जें केलें तें आपल्या शाळांतील इतिहासाच्या पुस्तकांत यावयास हवें. १९५१ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें जपानशीं झालेल्या तहांत दोस्त राष्ट्रांनीं आपापल्या हद्दींतील जपानी मालमत्ता ठेवून घेण्याचा हक्क राखून ठेवला. भारत त्या परिषदेस गेलाच नाहीं. ९ जून १९५२ रोजीं त्यानें टोकियो येथें जपानशीं स्वतंत्र तह केला, नुकसानभरपाईची मागणी सोडून दिली, आणि जी जपानी मालमत्ता आपल्या ताब्यांत असेल ती मागणी येतांच आहे त्या स्थितींत परत करण्याचें मान्य केलें. मालमत्ता राखण्यास आलेला खर्च तेवढा जपाननें द्यावयाचा. शेजाऱ्याच्या घराची राखण करून शेवटीं दिवाबत्तीचे पैसे मागून घ्यावे, त्यांतलाच हा प्रकार! राखणदार आणि मालक यांतला भेद त्या वेळीं आपल्या सरकारला पुरता उमगला होता.

घरच्या भांडणांत मात्र हा भेद टिकविणें जड गेलें.

येथें वाचकांनीं दोन शब्द निरनिराळे ठेवावे, कारण मोठमोठे वकीलहि बोलतांना त्यांची सरमिसळ करतात. फाळणीच्या धामधुमींत जे पाकिस्तानांत निघून गेले त्यांची मागें राहिलेली मालमत्ता ती 'निष्क्रांत' मालमत्ता. तिच्यासाठीं १९५० चा निराळा कायदा होता. ७ मे १९५४ नंतर कोणतीहि नवी मालमत्ता निष्क्रांत ठरवावयाची नाहीं असें पुढें ठरलें, आणि तिकडून सर्वस्व टाकून आलेल्या निर्वासितांस भरपाई देण्याकडे ती मालमत्ता लावली गेली. कल्याणजवळच्या छावणींतून उल्हासनगर उभें राहिलें तो हाच काळ. शत्रुसंपत्ति याहून वेगळी. ती १९६२ च्या चीनच्या व १९६५ च्या पाकिस्तानच्या युद्धांतून आली. म्हणजे मालक कोणत्या वर्षीं गेला यापेक्षां युद्धाच्या वेळीं तो कोणत्या राष्ट्राचा नागरिक होता, यावर ती ठरते. मलबार हिलवरील जिनांचें घर पुष्कळ लोक शत्रुसंपत्ति समजतात, पण सरकारची भूमिका तें निष्क्रांत मालमत्ता आहे अशी राहिली. क्लॉड बॅटले या वास्तुविशारदाकडून १९३६ सालीं बांधून घेतलेल्या त्या घरावर जिनांचा फार जीव. नेहरूंनीं कराचींतील आपले उच्चायुक्त श्रीप्रकाश यांजमार्फत विचारणा केली तेव्हां, घर सरकारनें घेऊं नये, अशी इच्छा पाकिस्तानच्या त्या पहिल्या गव्हर्नर जनरलनीं कळविली. त्यांच्या कन्या दीना वाडिया यांनीं २००७ सालीं त्या घरासाठीं मुंबई उच्च न्यायालयांत अर्ज केला. २०१७ सालीं त्या निवर्तल्या. घर त्यांस मिळालें नाहीं.

आपल्या पत्रलेखकांची इमारत मात्र १९६५ च्या खात्यांतली. त्या वर्षीं १० सप्टेंबर रोजीं अधिसूचना निघून पाकिस्तानी नागरिकांची येथील मालमत्ता कस्टोडियनकडे गेली. १० जानेवारी १९६६ च्या ताश्कंद करारांत एकमेकांनीं घेतलेली मालमत्ता परत करण्याविषयीं बोलणीं करावीं असें कलम होतें. तीं फळास आलीं नाहींत, आणि पाकिस्ताननें आपल्याकडील अशी मालमत्ता १९७१ सालीं विकून टाकली. भारतानें १९६८ चा शत्रुसंपत्ति कायदा करून ती राखून ठेवली. २०१८ सालीं सरकारनें दिलेल्या आंकड्यांप्रमाणें पाकिस्तानी नागरिकांच्या ९,२८० व चिनी नागरिकांच्या १२६ मिळकती होत्या. पैकीं ४,९९१ एकट्या उत्तर प्रदेशांत. आपल्याकडे मुंबई, तिचीं उपनगरें, ठाणें व पालघर या भागांत त्या आहेत.

कस्टोडियन हा नुसता राखणदार कीं मालक, हा वाद गाजला तो लखनौकडील महमूदाबादच्या राजेसाहेबांच्या प्रकरणांत. थोरले राजेसाहेब १९५७ सालीं पाकिस्तानचे नागरिक झाले; पत्नी व पुत्र भारतांतच राहिले, भारताचे नागरिक म्हणून. १९७३ सालीं वडील लंडन येथें वारल्यावर पुत्रानें वारसा मागितला, आणि बत्तीस वर्षांनीं, २१ ऑक्टोबर २००५ रोजीं, सर्वोच्च न्यायालयानें तो त्यांस दिला. वारस भारतीय नागरिक असल्यानें मालमत्ता शत्रूची उरली नाहीं, असा निवाडा झाला. सरकारला तो मानवला नाहीं. २०१६ या एका वर्षांत पांच वटहुकूम निघाले व मार्च २०१७ मध्यें कायदा बदलला, तोहि १९६८ पासून अमलांत असल्याचें समजून. आतां शत्रूचा वारस भारतीय नागरिक असला तरी त्यास वारसा मिळत नाहीं. दिवाणी न्यायालयाचा दरवाजा बंद. उच्च न्यायालयांत अपील तेवढें करतां येतें.

आमचें मत विचाराल तर हा बदल आम्हांस पटत नाहीं. पाकिस्तानांत गेलेल्या बापाची मालमत्ता राखून ठेवणें समजूं शकतें. येथेंच राहून येथील कर भरणाऱ्या मुलास बापाच्या निवडीची शिक्षा देणें समजत नाहीं. दुसऱ्या बाजूचें म्हणणेंहि हलकें नाहीं. सीमेपलीकडे ज्यांचें सर्वस्व विकलें गेलें त्या आपल्या लोकांस काय मिळालें, असें ते विचारतात. सरकारनें १९७१ पासून अशांस मंजूर दाव्याच्या २५ टक्के सानुग्रह रक्कम देण्याची योजना चालविली. रुपयास चार आणे, याला कोणी भरपाई म्हणणार नाहीं. परंतु एका घरचा अन्याय दुसऱ्या घरावर वळता केल्यानें तो फिटतो कसा?

गंमत अशी कीं वाद मिटला म्हणतां मिटत नाहीं. लखनौच्या नगरपालिकेनें अशाच एका मिळकतीवर घरपट्टी मागितली. मिळकत केंद्र सरकारची असेल तर पट्टी माफ, नसेल तर लागू! फेब्रुवारी २०२४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं कस्टोडियन हा विश्वस्त आहे, मिळकत केंद्र सरकारची झालेली नाहीं, सबब घरपट्टी द्यावी. एवढा मोठा तात्त्विक प्रश्न शेवटीं घरपट्टीच्या बिलानें पुन्हां उकरला.

आतां पत्रलेखकांच्या कामाचें. भाडें कस्टोडियनच्या कचेरींतच भरावें व प्रत्येक पावती जपून ठेवावी, मोडकी पेटी लागली तरी चालेल. भाडेकरूचें निधन झालें असल्यास कुटुंबांतील कोण राहतो हें लेखी कळवावें. कचेरीचा माणूस म्हणून कोणी आल्यास ओळखपत्र पाहावें. जिल्हाधिकारी हे या कामीं कस्टोडियनचे हस्तक असतात, तेथें चौकशी करतां येते. नव्या कायद्यानें केंद्र सरकारच्या संमतीनें अशा मिळकती विकतां येतात, आणि एक कोटि रुपयांहून कमी किंमतीची मिळकत असल्यास ती प्रथम राहणाऱ्यासच देऊं करावी असें २०२३ सालीं ठरलें. या मर्यादा बदलत असतात, म्हणून ताजी अधिसूचना वकिलाकडून पाहून घ्यावी. जागा कधीं काळीं तुमची व्हावयाची असेल तर ती या वाटेनें होईल, मुखत्यारपत्राच्या वाटेनें नव्हे.

पत्राच्या अखेरीस त्यांनीं शेजारच्या एका वृद्ध आगरी गृहस्थाचा प्रश्न कळविला आहे. 'तो शत्रु होता म्हणून त्याचें घर घेतलें. आमच्या जमिनी घेतल्या तेव्हां आम्ही कोणाचे शत्रु होतों?' प्रश्न बोंचरा आहे. १९७० सालीं सिडको स्थापन होऊन ९५ गांवांच्या जमिनींवर नवें शहर आखलें गेलें, त्यांत करावेहि होतें. कायद्याच्या भाषेंत उत्तर सोपें आहे: भूसंपादनांत मोबदला द्यावा लागतो, शत्रुसंपत्तींत नाहीं. पण तो मोबदला पुरेसा व्हावा म्हणून जानेवारी १९८४ मध्यें पांच जणांस गोळीबारांत प्राण द्यावे लागले, आणि त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. त्या वृद्धांस आम्हीं याहून समाधानकारक उत्तर देऊं शकत नाहीं.

खानदेशच्या वाचकांस आणखी एक गोष्ट आवडेल. अमळनेर येथें डिसेंबर १९४५ मध्यें वनस्पति तुपाची एक कंपनी निघाली, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. तिचे कांहीं भाग पाकिस्तानांत गेलेल्यांच्या नांवें होते. ते कस्टोडियनकडे जाऊन पडले. कंपनीनें पुढें तुपाबरोबर संगणकाचा धंदा आरंभिला व विप्रो हें नांव घेतलें. कपाटांतल्या कपाटांत भागांचे भाग वाढत गेले, आणि एप्रिल २०१९ मध्यें सरकारनें असे सुमारें ४ कोटि ४३ लाख भाग विकले तेव्हां सुमारें १,१५० कोटि रुपये आले. ज्या कोणी अमळनेरच्या तेलाच्या घाण्यांत चार पैसे गुंतविले होते, त्याच्या नातवंडांस हें कळलें असेल किंवा नसेलहि.

आणि कुलूप दुसऱ्याचें व ऐवज आपला, असेंहि घडलेलें आहे. डिसेंबर १९६१ मध्यें गोवा मुक्त होण्यापूर्वीं पोर्तुगीजांच्या बँको नासिओनाल उल्त्रामारिनो या पेढीनें गोंवेकरांनीं तारण ठेवलेले सोन्याचे दागिने लिस्बनला हलविले. पोर्तुगालनें भारताचें सार्वभौमत्व मान्य करणारा तह ३१ डिसेंबर १९७४ रोजीं झाला, तरी दागिने तेथेंच. ते परत आले १९९१ सालीं. गहाण ठेवतांना ज्या सुना होत्या त्या तोंवर आज्या झालेल्या होत्या.