भुताचं पुस्तक ‘काउंट’ होतं का?

“यंदा किती पुस्तकं झाली?” डिसेंबर आला की आमच्या ग्रुपवर हा प्रश्न पडतोच. कोणी ५२ सांगतं, कोणी ३०. माझा आकडा ११. त्यात चार भुताची आणि एक कॉमिक. लगेच रिप्लाय आला, “ही काउंट होत नाहीत गं!”

का नाही होत?

खरं सांगायचं तर बारावीनंतर माझं वाचन सुटलंच होतं. नोट्स आणि रील्सच्या मध्ये सलग दहा पानंसुद्धा होत नव्हती. मग कळलं, ‘तुंबाड’ सिनेमाचं बीज नारायण धारपांच्या कथेत आहे. म्हणून धारप आणले. रात्री दीडला लाइट बंद करायची भीती वाटत होती आणि पुस्तक खाली ठेववतही नव्हतं. कित्येक वर्षांनी मी एका बैठकीत पुस्तक संपवलं!

पुढे मैत्रिणीकडून ‘भीमायन’ मिळालं. डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यावरच्या या कॉमिकची चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड कलाकारांची आहेत. त्यात साध्या बोलण्याचे फुगे पक्ष्यांच्या आकाराचे आहेत, तर विषारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी आहे. लहानग्या भीमाला पाणी नाकारलं गेलं, हे शाळेत मार्कांपुरतं वाचलं होतं. इथे त्या नांगीपाशी नजर अडली. त्याच अस्वस्थतेत दया पवारांचं ‘बलुतं’ पुन्हा हातात घेतलं. १९७८ साली आलेलं हे आत्मकथन मी आधी दोनदा अर्धवट सोडलं होतं. या वेळी शेवटपर्यंत गेले. मग ‘कोसला’. पुण्यात शिकायला येऊन भरकटणारा पांडुरंग सांगवीकर १९६३ सालचा आहे, पण मला आमचंच होस्टेल दिसत राहिलं.

धारप आणि दया पवार सारखेच, असं मी म्हणत नाहीये. पण धारप नसते तर मी ‘बलुतं’पर्यंत पोचलेच नसते, हेही तितकंच खरं.

१५ ऑक्टोबरला ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून कॉलेजात हातात पुस्तक देऊन आमचे फोटो काढतात. त्याच लायब्ररीत गूढकथा कुलूपबंद कपाटात असतात आणि कॉमिक मागितलं की “ही काय शाळा आहे का?” असं ऐकावं लागतं. वाचन कमी झालं म्हणून आमच्या नावाने बोटं मोडण्याआधी ते कपाट उघडा की! आणि आपणही एकमेकांचे आकडे तपासणं बंद करूया. त्यापेक्षा विचारूया, “कुठल्या पुस्तकाने तुला जागवलं?”

परवा धाकट्या भावाने माझ्या बॅगेतून धारप उचलले. आई म्हणाली, “अरे, काहीतरी चांगलं वाच.” मी म्हटलं, “राहू दे गं. वाचतोय ना!”